रक्ताचा रंग आणि निर्मात्याचे उत्तरदायित्व

शाळेची स्मरणिका ही स्वाभाविकपणे कृतज्ञतेची जागा असते. संस्थेच्या उभारणीसाठी ज्यांनी झीज सोसली त्यांचे स्मरण, माजी विद्यार्थ्यांचा गौरव आणि पुढील वाटचालीचा संकल्प अशा लेखनाने तिची पाने भरलेली असतात. अशा ठिकाणी मोबाईलवरील हिंसक खेळांचा विषय काढणे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. परंतु निवासी शाळेचा विद्यार्थी वर्षातील बराच काळ वसतिगृहाच्या शिस्तीत राहतो आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेला की घरातला मोबाईल त्याच्या हाती येतो. त्या काचेच्या चौकटीत त्याच्याकडून काय करवून घेतले जाते आणि कशासाठी शाबासकी दिली जाते, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे. दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. आज वर्गात बसलेली मुलेमुली उद्या संगणकाचे शिक्षण घेऊन पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे नोकरीला जातील आणि त्यांतील काही जण असे खेळ स्वतः तयार करतील. खेळणाऱ्याच्या व्यसनाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. येथे खेळ घडवणाऱ्याच्या जबाबदारीविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आपल्याकडे हा विषय घराघरांत पोहोचला तो पबजीमुळे. मूळ दक्षिण कोरियात तयार झालेला हा खेळ 2017 मध्ये संगणकावर आणि 2018 मध्ये मोबाईलवर आला. शंभर खेळाडू विमानातून एका ओसाड बेटावर उतरतात, रिकाम्या घरांतून बंदुका गोळा करतात आणि एकमेकांना ठार करत जातात. शेवटपर्यंत जो उरतो तो विजयी. 2019 च्या मार्च महिन्यात गुजरातमधील राजकोट येथे पोलिसांनी या खेळावर बंदी घातली आणि तो खेळताना आढळलेल्या काही तरुणांना अटकही केली. त्याच वर्षी मुंबईतील एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करून या खेळावर बंदी घालण्याची मागणी केली. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पबजीचा समावेश होता. मात्र त्या बंदीमागे देशाचे सार्वभौमत्व आणि माहितीची सुरक्षितता ही कारणे होती. हिंसा हे कारण नव्हते. या साऱ्या घडामोडींत एक गोष्ट नजरेत भरते. अटक झाली ती खेळणाऱ्याला, काळजी वाहिली ती पालकांनी आणि न्यायालयाचे दार ठोठावले ते एका बालकाने. हा खेळ असाच का घडवला, हा प्रश्न निर्मात्याला मात्र क्वचितच विचारला गेला.

2 जुलै 2021 रोजी हाच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने भारतात परतला. परतताना कंपनीने त्यात काही बदल केले. गोळी लागल्यावर उडणारे लाल रक्त हिरवे करण्यात आले. ‘किल’ हा शब्द काढून त्या जागी ‘फिनिश’ हा शब्द घालण्यात आला. हे सारे आभासी जग आहे, अशी सूचना आरंभी देण्यात येऊ लागली. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीची अट घालण्यात आली. यांपैकी वेळेच्या मर्यादेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु रक्त हिरवे केल्याने नेमके काय साधले? बंदूक तीच राहिली, नेम तोच राहिला, समोरच्याला संपवल्यावर मिळणारे गुणही तेच राहिले.

चीनमध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. तेथील नियमांमुळे मे 2019 मध्ये पबजीच्या जागी ‘गेम फॉर पीस’, म्हणजे शांततेसाठी खेळ, असे नाव असलेला खेळ आणण्यात आला. खेळाचा सांगाडा बहुतांशी तोच होता. त्यात गोळ्या लागून हरलेला खेळाडू गुडघे टेकतो, आपल्या सामानाची पेटी समोर ठेवतो, हात हलवून निरोप घेतो आणि दिसेनासा होतो. ज्याने आपल्याला मारले त्यालाच हसतमुखाने सामान सुपूर्द करून जाणारा हा माणूस पाहिला म्हणजे नियमांचे पालन कोणत्या थराला जाऊ शकते याची कल्पना येते.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत 1992 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा द्वंद्वयुद्धाचा खेळ आला. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचे मुंडके उडवणे, छातीतून हृदय उपटून काढणे हे त्याचे प्रमुख आकर्षण होते. 1993 मध्ये तो घरगुती यंत्रांवर आणताना निन्टेन्डो कंपनीने आपल्या आवृत्तीतील रक्ताचा रंग करडा करून त्याला घामाचे रूप दिले. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने रक्त वरकरणी झाकले; परंतु बटणे ठरावीक क्रमाने दाबली की ते पुन्हा दिसू लागे. ही सांकेतिक बटणे मुलांमध्ये कर्णोपकर्णी पसरली आणि सेगाची आवृत्ती कितीतरी अधिक खपली. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात निन्टेन्डोनेही रक्त लालच ठेवले. दरम्यान, डिसेंबर 1993 मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये या खेळांवर सुनावणी झाली आणि सरकारने कायदा करू नये म्हणून उद्योगाने 1994 मध्ये स्वतःचेच वयोगट-मानांकन मंडळ स्थापन केले. तेव्हापासून डब्यावर वयाचा शिक्का असतो. हा शिक्का पालकांना उपयोगी आहे, यात शंका नाही. पण निर्मात्यांच्या दृष्टीने तो हळूहळू परवान्यासारखा झाला. शिक्का मारला म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत रूढ झाली.

येथे मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या एका मूलगामी भेदाची आठवण करून द्यावीशी वाटते. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतील फरक स्पष्ट केला आहे. नियम अमुक कर, तमुक करू नको एवढेच सांगतो. तत्त्व मात्र आपली कृती पारखून पाहण्याची दृष्टी देते. नियमाप्रमाणे केलेली कृती यांत्रिक असते. तत्त्व समोर ठेवून केलेली कृतीच जबाबदार म्हणता येते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करतानाही त्यांनी हाच भेद वापरला. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, आणि हिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत अंतर केले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्हिडिओ गेमच्या निर्मात्याची जबाबदारी कोणती, याचे उत्तर शोधताना हा भेद फार मोलाचा ठरतो. रक्ताचा रंग, वापरायचा शब्द, डब्यावरचा शिक्का हे सारे नियमाच्या कक्षेतले आहे. खेळणाऱ्याच्या मनात कोणती इच्छा जागवायची, हे ठरवणे तत्त्वाच्या कक्षेत येते. पहिल्याची पूर्तता करून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येते, हे हिरव्या रक्ताने दाखवून दिले आहे.

केवळ शब्दाने किंवा दृश्याने हिंसा ठरत नाही, हे आपल्या मातीतल्या खेळांतूनही दिसते. हुतूतूच्या आणि कबड्डीच्या मैदानावर आपली मुले पिढ्यान्‌पिढ्या ‘गडी मेला’ आणि ‘गडी जिवंत झाला’ असे म्हणत आली आहेत. शब्द मरणाचा आहे, पण त्यात कोणाला हिंसा जाणवत नाही. याचे कारण असे की, ‘मेलेला’ गडी रेषेबाहेर सर्वांच्या डोळ्यांसमोर बसलेला असतो. त्याच्या गुडघ्याला खरचटले तर पकड करणाराच आधी धावतो. आपल्या संघाने गुण मिळवला की तो पुन्हा मैदानात येतो. प्रतिस्पर्धी हाडामांसाचा आहे, याचा विसर पडणार नाही अशी त्या खेळाची रचनाच आहे. पबजीत गोळी लागून पडलेल्या माणसाचे काय होते? त्याचे शरीर नाहीसे होते आणि त्या जागी सामानाची एक पेटी उरते. मारणारा ती पेटी उघडतो, हवे ते घेतो आणि पुढे जातो. येथे रक्त फार थोडे आहे. किंबहुना दृश्य स्वच्छच आहे. तरीही माणसाची पेटी होणे ही मला त्या खेळातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. ती कोणत्याही मानांकनात धरली जात नाही.

याउलट, भरपूर रक्त असलेली कलाकृतीही मनुष्यत्वाच्या बाजूने उभी राहू शकते. पबजीची मूळ कल्पना ज्या जपानी चित्रपटावरून सुचली, त्याचेच उदाहरण पाहू. ‘बॅटल रॉयल’ हा किंजी फुकासाकू यांचा चित्रपट 2000 साली प्रदर्शित झाला. शाळेतील एका वर्गाला सरकार बेटावर नेऊन सोडते आणि एकच विद्यार्थी उरेपर्यंत एकमेकांना ठार मारण्यास भाग पाडते, असे त्याचे कथानक आहे. हा चित्रपट पबजीहून कितीतरी अधिक रक्तरंजित आहे. पण त्यात मरणाऱ्या मुलामुलींना नावे आहेत, मैत्री आहे, न सांगितलेले प्रेम आहे, घरची दुःखे आहेत. दिग्दर्शकाने स्वतः पंधराव्या वर्षी युद्धकाळात शस्त्रांच्या कारखान्यात काम केले होते आणि बरोबरीची मुले तोफांच्या माऱ्यात मेलेली पाहिली होती. वडीलधाऱ्यांच्या जगाने मुलांना मरणाच्या दारी ढकलले, याविषयीचा संताप त्या चित्रपटात आहे. चित्रपटातून बेट घेतले, शस्त्रे घेतली, एकच उरण्याची अट घेतली आणि संताप तेवढा वगळला, की पबजी तयार होतो. हा वगळण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. निर्मात्याचे उत्तरदायित्व येथून सुरू होते.

या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. हिंसक खेळ खेळून मुले हिंसक होतात याला पुरावा काय, असे निर्माते विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक खेळांत घालवलेला वेळ आणि मुलांचे आक्रमक वर्तन यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये घेतलेल्या भूमिकेनुसार ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकतेशी या खेळांचा थोडा संबंध दिसतो. परंतु गोळीबारासारख्या गुन्ह्यांचे खापर खेळांवर फोडणे शास्त्राला धरून नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या परीकथांतही क्रौर्य असतेच, याकडे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकालपत्रात लक्ष वेधले होते. तेव्हा पबजी खेळणारा प्रत्येक मुलगा उद्याचा गुन्हेगार आहे, असे म्हणणे अन्यायाचे आहे आणि या लेखात तसे म्हटलेले नाही. मित्रांबरोबर चार जणांचा संघ करून खेळण्यात सहकार्य आहे, चपळाई आहे, गप्पांचा आनंदही आहे.

परंतु गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणजे जबाबदारी उरत नाही, हा निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही. समजा, एखाद्या शिक्षकाने दुबळ्या मुलाची टिंगल करणाऱ्यांना वर्गात रोज शाबासकी दिली. त्या वर्गातून पुढे एकही गुन्हेगार निपजला नाही म्हणून आपण त्या शिक्षकाला निर्दोष ठरवू का? त्याने कशाला शाबासकी दिली, एवढ्यावरूनच आपण त्याचे मूल्यमापन करतो. खेळाचा निर्माता हाही शाबासकी वाटणाराच असतो. गुण, पदके, नवे पोशाख, वरची पायरी ही त्याची शाबासकी. परीकथेचा किंवा अंगुलिमालाच्या कथेचा दाखला येथे अपुरा पडतो, तो याच कारणाने. अंगुलिमालाच्या कथेत तोडलेल्या बोटांची माळ आहे, पण ऐकणारा प्रत्येक बोटामागे गुण मिळवत नाही. तो माणूस थांबावा अशीच इच्छा ऐकणाऱ्याच्या मनात निर्माण होते. कथेत क्रौर्य असणे आणि क्रौर्यासाठी बक्षीस ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून निर्मात्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत, असे मला वाटते. त्याच्या खेळात बक्षीस कशासाठी मिळते? मारल्यानंतरचे काय काय त्याने खेळणाऱ्याच्या नजरेआड केले आहे? आणि न मारता पुढे जाण्याची वाट त्याने ठेवली आहे का? या प्रश्नांना उत्तरे देणारे खेळ अस्तित्वात आहेत, त्यामुळे ही अपेक्षा हवेतली नाही. 2015 मध्ये टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने ‘अंडरटेल’ हा खेळ तयार केला. त्यात भेटणाऱ्या प्रत्येक शत्रूशी बोलता येते, त्याला सोडून देता येते. एकालाही न मारता खेळ पूर्ण करता येतो आणि ज्याला मारले त्याचा हिशेब खेळ विसरत नाही. पोलंडमधील एका संस्थेने 2014 मध्ये ‘धिस वॉर ऑफ माईन’ हा युद्धावरचा खेळ आणला. साराजेव्हो शहराला 1992 ते 1996 या काळात पडलेल्या वेढ्यापासून त्याची प्रेरणा घेतलेली आहे. त्यात खेळणाऱ्याच्या वाट्याला सैनिक येत नाही. वेढ्यात अडकलेली साधी माणसे येतात. त्यांना अन्न, औषध आणि सरपण शोधायचे असते. एखाद्या वृद्ध जोडप्याचे धान्य लुटले, तर आपल्याच घरातली माणसे खिन्न होतात आणि काही वेळा खचून जातात. या खेळात हिंसा आहे, मृत्यू आहे, तो प्रौढांसाठीच आहे. पण हिंसेनंतरचे मन त्यात झाकलेले नाही. 2020 मध्ये पोलंड सरकारने या खेळाचा शालेय पूरक साहित्याच्या यादीत समावेश केला. तंत्रज्ञान तेच, बाजारपेठही तीच. फरक पडला तो निर्मात्याच्या निर्णयामुळे.

निर्मात्याची जबाबदारी खेळणाऱ्यापुरती मर्यादित नाही. हे खेळ ज्यांच्या हातून घडतात त्या कामगारांचाही विचार केला पाहिजे. 2019 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा अकरावा भाग आला, तेव्हा त्यावर काम केलेल्या एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता आपली व्यथा एका संकेतस्थळाकडे मांडली. छिन्नविच्छिन्न देहांची दृश्ये हुबेहूब वठावीत म्हणून खऱ्या हिंसेची चित्रे दिवसचे दिवस पाहावी लागत. त्यातून रात्री भीषण स्वप्ने पडू लागली आणि अखेर डॉक्टरांनी मानसिक आघाताचे निदान केले, असे त्याने सांगितले. पडद्यावरचे रक्त खोटे असले तरी ते रंगवणाऱ्याची झोप खरी असते. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविकेचा अर्थ आजच्या काळात लावताना अशा कामाचा विचार टाळता येणार नाही. शस्त्रांचा आणि विषाचा व्यापार उपासकाने करू नये, हे आपण ऐकलेले असते. संगणकासमोर बसून मरणाचे दृश्य अधिक आकर्षक करण्यासाठी पगार घेणाऱ्याने आपले काम कोठे बसते हे स्वतःला विचारावे, आणि नको असलेले काम नाकारण्याचा अधिकार त्याला असावा, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

विक्रेत्याची जबाबदारीही यातूनच येते. 2018 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पार्कलँड येथील शाळेत झालेल्या गोळीबारात सतरा जणांचा बळी गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, शाळेत गोळीबार करणाऱ्याची भूमिका घेता येईल असा एक खेळ ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात विक्रीसाठी जाहीर झाला. मुले गमावलेल्या पालकांनी संताप व्यक्त केल्यावर तो काढून टाकण्यात आला. पण पुढच्याच महिन्यात त्या दुकानाच्या मालक कंपनीने असे धोरण जाहीर केले, की जे बेकायदेशीर आहे किंवा जे उघडउघड खोडसाळपणाचे आहे तेवढे वगळून बाकी सारे विकू दिले जाईल. निवड करण्याची जबाबदारीच नको, असा याचा अर्थ होतो. प्रत्येक गोष्ट कायद्यावर सोपवली, की विवेकाला काम उरत नाही.

आपल्या देशात तर कायद्याची चौकटही अपुरी आहे. चित्रपटाला प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर सात, तेरा आणि सोळा वर्षे असे वयोगटही त्यात आले आहेत. मोबाईलवरच्या खेळांसाठी अशी भारतीय व्यवस्था नाही. अ‍ॅपच्या दुकानात दिसणारा वयोगट बहुधा एका आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीच्या आधारे ठरतो आणि ती प्रश्नावली खेळाचा निर्माताच भरून देतो. विद्यार्थ्याने स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच गुण द्यायचे, असा हा काहीसा प्रकार आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला; त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. त्या खेळांनी अनेक कुटुंबे उद्ध्वस्त केली असल्याने तो आवश्यकच होता. परंतु बालकांच्या मनाचा विचार करणारी स्वतंत्र मानांकन-व्यवस्था, ज्यात शिक्षक, मानसोपचारतज्ज्ञ आणि खेळांचे जाणकार एकत्र बसतील, ती अजून व्हायची आहे. आणि तिनेही केवळ रक्ताचे थेंब मोजू नयेत. बक्षीस कशासाठी आहे आणि झाकले काय आहे, हेही तपासावे.

शाळांनी आणि पालकांनी काय करावे? निव्वळ बंदीने हा प्रश्न सुटत नाही, हे पबजीच्या बंदी आणि पुनरागमनाने दाखवले आहे. वसतिगृहात मोबाईल नसणे योग्यच आहे; पण मोबाईल नसलेल्या काळातच मोबाईलविषयी विचार करायला शिकवले पाहिजे. मराठीच्या तासाला आपण कथेविषयी विचारतो, की लेखकाला काय सांगायचे आहे. तसाच प्रश्न खेळाविषयी वर्गात विचारता येईल. हा खेळ तुला कशासाठी गुण देतो? त्यात हरलेला माणूस कोठे जातो? तू हा खेळ तयार केला असतास तर काय बदलले असतेस? सुटीवरून आलेल्या मुलांना अपराध्यासारखे उभे करून मोबाईल किती वेळ पाहिलास असे विचारण्यापेक्षा असे प्रश्न अधिक उपकारक ठरतील. ज्या मुलाला हे प्रश्न विचारण्याची सवय लागेल, तो त्याच खेळापुढे अधिक स्वतंत्रपणे बसेल.

शेवटी, या शाळेतून बाहेर पडून संगणकाच्या क्षेत्रात जाणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना एक विनंती करावीशी वाटते. ज्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतके प्रत्यक्ष हिंसा आणि अवमान आला, त्या समाजातून तुम्ही आला आहात. माणसाची वस्तू करणे म्हणजे काय असते, हे तुमच्या आजी-आजोबांनी अनुभवलेले आहे. ही जाणीव तुमच्या कामात उतरली पाहिजे. उद्या एखाद्या बैठकीत तुमच्यासमोर प्रश्न येईल, की पडलेल्या माणसाचे काय दाखवायचे. वरिष्ठ सांगतील, रक्त हिरवे करा, म्हणजे अडचण येणार नाही. त्या वेळी नियम तुमच्या बाजूने असेल, बाजारही असेल. तरीही तो माणूस कोण होता, असा प्रश्न तुम्ही त्या बैठकीत विचारावा. कदाचित तुमचे ऐकले जाणार नाही. पण प्रश्न विचारला गेला आहे, हे त्या खोलीतील प्रत्येकाला ठाऊक राहील, आणि पुढचा खेळ घडवताना कोणाला तरी तो आठवेल.